ओडीएसचं बटण दिलंत, आता त्यात डेटा पण द्या: बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

बिलिंग-अकाउंटिंग सॉफ्टवेअर कंपनीतल्या डेव्हलपर, टेस्टर आणि सपोर्टच्या मंडळींना,

नमस्कार.

मी गोव्यात फोंड्याला अकाउंट्सची कामं करते. क्लायंट म्हणजे कुळागरवाले (नारळ-सुपारीच्या बागांचे मालक), काजूवाले, हार्डवेअरची दुकानं, एक फार्मसी, एक गावची ग्राहक सोसायटी, असे सगळे मिळून. त्यांतले बरेच जण तुमचं सॉफ्टवेअर वापरतात आणि महिनाअखेरीला एक्सपोर्ट करून मला पाठवतात, आणि मी ते लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्याच फुकट प्रोग्राममध्ये, उघडते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे दुखणं काही तुमच्या एकट्याचं नाही, मी बघितलेल्या इतर सॉफ्टवेअरांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. खाई त्याला खवखवे.

आधी चांगलं बोलते. एक्सपोर्टच्या यादीत तुम्ही ‘ओपन डॉक्युमेंट स्प्रेडशीट’ (ओडीएस) हा पर्याय आणलात त्याबद्दल मनापासून थँक्स, खरंच. पण त्या बटणातून जी फाइल बाहेर पडते ती नावाला ओडीएस आहे. आत बघितलं तर डेटा नसतो, रिपोर्ट स्क्रीनवर जसा दिसतो तशी अक्षरं उचलून खान्यांत भरलेली असतात. माझं सगळं भांडण एवढ्याच गोष्टीवर आहे. तुमच्या डेटाबेसला पक्कं माहीत असतं की ही तारीख आहे, ही रक्कम आहे, हा कोड आहे. फाइल लिहिताना तुम्ही ती माहिती टाकून देता, आणि मग इकडे कॅल्क अंदाज बांधत बसतं आणि कॅल्क चुकलं की मी बांधत बसते.

उदाहरण घ्या एचएसएन कोडचं, म्हणजे जीएसटीत मालाच्या प्रत्येक प्रकाराला जो नंबर असतो त्याचं. आमच्याकडे कुळागरात जे काही पिकतं ना, त्या बहुतेक सगळ्याचा कोड शून्याने सुरू होतो. नारळ आणि काजू ०८०१, सुपारी ०८०२, केळी ०८०३, अननस आणि आंबा ०८०४, मिरी ०९०४. बाजारात जाऊन मासळी घेतली तरी सुंगटं (कोळंबी) ०३०६ मध्येच. आता तुमच्या एक्सपोर्टमध्ये हा कॉलम ‘नंबर’ म्हणून जातो, त्यामुळे पुढचं शून्य गळतं, आणि काजूवाल्याची अख्खी शीट ८०१, ८०१, ८०१ अशी येते. आता तीन आकडी एचएसएन नसतोच, आपल्याकडे सगळं दोन-चार-सहा-आठ असंच असतं, त्यामुळे मास्टर शीटशी व्हीलुकअप (यादीत शोधणारं फंक्शन) लावला की सगळीकडे एनए, म्हणजे ‘सापडलं नाही’, आणि तसंच जीएसटीच्या रिटर्नला लावायला गेलं तर ते घेतच नाही. बरं, काही क्लायंट आठ आकडी कोड लावतात, त्यांचे सात आकडे होतात. एकाच कॉलममध्ये तीन आकडी, सात आकडी आणि मधूनच एखादा बरोबर आलेला. मला वाटतं तुमचं टेस्टिंग सिमेंट आणि लोखंडाच्या डेटावर झालं असणार, तिथे कोड २५२३ आणि ७२१४ असे येतात, गळायला शून्यच नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी टेस्टिंगला एखाद्या सुपारीवाल्याचं बिल घ्या.

मग मजा अशी की जिथे नंबर हवा तिथे तुम्ही टेक्स्ट देता! रकमेचा कॉलम टेक्स्ट. ‘१,२५,०००.००’ असं स्वल्पविरामासकट, वर मागे एक न दिसणारी स्पेस. खाली सम लावला की उत्तर शून्य, कारण सम फंक्शन टेक्स्टचे खाने मोजतच नाही, एरर पण देत नाही, गुपचूप सोडून देतं. क्लायंट बाजूला बसलेला असतो, तो म्हणतो ‘बाय, हें जुळना मगो’, आणि मी त्याला काय सांगू की आकडे आकडेच नाहीत म्हणून.

ज्यांना हा त्रास होतोय आणि कारण कळत नाहीये त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते. कॅल्कमध्ये कंट्रोल आणि एफ-८ दाबा, म्हणजे व्ह्यू मेनूतलं व्हॅल्यू हायलाइटिंग. जे खरंच नंबर आहेत ते निळे होतात, फॉर्म्युले हिरवे, आणि टेक्स्ट काळंच राहतं. रकमेचा कॉलम काळा दिसला की समजायचं काय ते. मग तो कॉलम सिलेक्ट करून आधी फाइंड-रिप्लेसने स्वल्पविराम उडवायचे, आणि मग डेटा मेनूतून टेक्स्ट टू कॉलम्स करून सरळ ओके. स्वल्पविराम आधीच उडवायचे हे लक्षात ठेवा, कारण त्या खिडकीत सेपरेटर म्हणून कॉमावर टिक असली तर सव्वा लाखाचे तीन तुकडे होऊन शेजारच्या खान्यांत जाऊन बसतात आणि तिथे जे होतं ते पुसलं जातं. एवढं करूनही काळंच राहिलं तर ती शेवटची न दिसणारी स्पेस साधी नसते, वेबपेजवाली नॉन-ब्रेकिंग स्पेस असते, ती ट्रिमने जात नाही, तिचा कॅरेक्टर कोड १६०, तो सब्स्टिट्यूटने काढावा लागतो.

आणि डेव्हलपर मंडळी, ही स्पेस तिथे कशी आली ते मला बरोबर कळलंय. तुम्ही रिपोर्टचं वेबपेजसारखं एचटीएमएल टेबल बनवता आणि तेच उचलून फाइलमध्ये ओतता. जुन्या व्हर्जनमधली डॉट एक्सएलएस फाइल तर सरळ एचटीएमएलच होती, नोटपॅडमध्ये उघडली की टेबल, टीआर, टीडी सगळे टॅग समोर. एक्सेल बिचारं दर वेळी सांगायचं की फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही, आणि लोक सवयीने यस दाबायचे.

आता तारखा. इथे मात्र मी खरंच वैतागते, कारण बाकीच्या चुका दिसतात तरी, ही दिसत नाही. तुम्ही तारीख ०५/०४/२०२४ अशी नुसती अक्षरं म्हणून पाठवता. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी टेक्स्ट फाइल) काढा नाहीतर एचटीएमएलवाली फाइल काढा, ज्याच्या कॉम्प्युटरवर लोकेल, म्हणजे देश-भाषेचं सेटिंग, इंग्लिश यूएसए राहून गेलंय, आणि आपल्याकडे निम्म्या मशीनवर इन्स्टॉल करणाऱ्याने ते तसंच सोडलेलं असतं, तिथे ५ एप्रिलचं बिल ४ मे होतं. १२ तारखेपर्यंतची बिलं अशी महिने बदलतात, ४ एप्रिल तेवढा वाचतो, आणि १३ तारखेपासून तेरावा महिनाच नसल्यामुळे ती टेक्स्ट म्हणून तशीच राहतात. म्हणजे एकाच एप्रिल महिन्याच्या शीटमध्ये पहिली बारा दिवसांची बिलं जानेवारी ते डिसेंबर अशी वर्षभर पसरलेली, आणि उरलेली कुठल्याच महिन्यात नाहीत. तारखेने सॉर्ट केलं की दोन गठ्ठे पडतात, निम्म्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या, निम्म्या डावीकडे. हे दिसलं की ओळखायचं. पण क्लायंटने फक्त पहिल्या आठवड्याची बिलं पाठवली असतील तर सगळ्या तारखा छान उजवीकडे, छान निळ्या, आणि जवळजवळ सगळ्या चुकीच्या. अकरा तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायचा असतो, त्या गडबडीत हे कोणाच्या डोळ्यांना दिसणार आहे सांगा.

तारखेसोबत बिल नंबर पण जातो, ते वेगळंच. जीएसटीच्या बिल नंबरात डॅश आणि स्लॅश चालतो, सोळा अक्षरांपर्यंत, त्यामुळे लोक ०३/२५ असे नंबर सर्रास ठेवतात. एक्सपोर्ट केलं की तो लोकेलप्रमाणे २५ मार्च नाहीतर मार्च २०२५ होतो. एका क्लायंटची सिरीज आकडे, मग ई, मग पुन्हा आकडे अशी होती, ई म्हणजे एक्स्पो काउंटर, तर १२ई५ या बिलाचा बारा लाख झाला कारण प्रोग्रामला ते सायंटिफिक नोटेशन, म्हणजे १२ वर पाच शून्यं, असं वाटलं. हसायला येतं खरं, पण नंतर ते बिल शोधताना हसू येत नाही. आणि पंधरा आकड्यांपेक्षा मोठा बँक खाते नंबर असेल तर एक्सेलमध्ये पंधराव्यापुढचे आकडे शून्य होतात, आणि ते मात्र कुठल्याच ट्रिकने परत मिळत नाहीत, गेले ते गेले.

मी ही तुमची फाइल उघडून बघितली. कॅल्कमध्ये नाही, आतून. ओडीएस म्हणजे साधी झिप फाइल असते, नावाच्या शेवटी डॉट झिप लावलं की उघडते. आत माइमटाइप नावाची एक चिमुकली फाइल, जी झिपमध्ये सगळ्यात पहिली आणि कॉम्प्रेस न केलेली असावी लागते, मग कंटेंट डॉट एक्सएमएल, स्टाइल्स, मेटा, आणि मेटा-आयएनएफ फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट. खरा माल कंटेंटमध्ये. तिथे प्रत्येक खान्याला दोन गोष्टी लिहायची सोय आहे: एक म्हणजे खरी किंमत आणि तिचा प्रकार, आणि दुसरी म्हणजे माणसाला दिसणारी अक्षरं. तारीख असेल तर व्हॅल्यू-टाइप ‘डेट’ आणि डेट-व्हॅल्यूमध्ये २०२४-०४-०५, आधी वर्ष मग महिना मग दिवस, जगात कुठेही उघडा, कुठलंही लोकेल ठेवा, ५ एप्रिलच. आणि दिसायला ०५/०४/२०२४ हवं तर तसं दिसेल, ते वेगळं लिहायचं. रक्कम असेल तर ‘फ्लोट’ आणि १२५०००, विनास्वल्पविराम. एचएसएन असेल तर ‘स्ट्रिंग’. म्हणजे मी वर जेवढं रडगाणं गायलं त्या सगळ्याचं उत्तर या फॉरमॅटमध्ये पहिल्यापासून बसलेलं आहे. आणि तुमच्या फाइलमध्ये काय आहे? तारीख स्ट्रिंग, रक्कम स्ट्रिंग, आणि एचएसएन फ्लोट! जिथे जे नको तिथे बरोबर तेच. नवऱ्याचे कपडे बायकोला आणि बायकोचे नवऱ्याला देणाऱ्या लॉन्ड्रीसारखं झालंय हे.

उधारी-जमेचं तर विचारूच नका. लेजर एक्सपोर्टमध्ये डेबिट आणि क्रेडिट एकाच कॉलममध्ये येतात, दोन्ही पॉझिटिव्ह, आणि ‘डीआर’ की ‘सीआर’ हे फक्त नंबर फॉरमॅटमध्ये लपवलेलं असतं. स्क्रीनवर १२,५०० सीआर दिसतं, खान्यात मात्र नुसते १२५००. फॉर्म्युल्याला फॉरमॅट दिसत नाही, त्यामुळे बेरीज केली की जमा आणि नावे दोन्ही एकमेकांत मिळवले जातात. ती शीट सीएसव्ही करून ठेवली तर आणखी गंमत, सेव्ह करताना ‘खान्यात दिसतं तसंच सेव्ह करा’ या अर्थाची टिक असेल तर सीआर शब्द राहतो आणि रक्कम टेक्स्ट होते, टिक काढली तर रक्कम नंबर राहते आणि सीआर गायब. दोन कॉलम द्या हो, एक डेबिट एक क्रेडिट, नाहीतर क्रेडिटला मायनस लावा. यात फॉरमॅटचा काही दोष नाही, ओडीएस असो नाहीतर एक्सेलची एक्सएलएसएक्स, दोन्हीकडे हे तुमच्याच घरचं आहे.

तसंच फॉर्म्युल्यांचं. टोटलच्या ओळीत तुम्ही फॉर्म्युला लिहिता पण त्याचं उत्तर लिहीत नाही, जागा भरायला शून्य लिहिता. कॅल्क बाहेरून आलेल्या फाइलमधलं उत्तर बहुतेक वेळा तसंच घेतं, उघडताना परत हिशोब करत नाही, त्यामुळे सगळ्या टोटल शून्य. कंट्रोल-शिफ्ट-एफ-९ दाबलं की सगळं फिरून मोजलं जातं आणि टोटल येतात, किंवा ऑप्शन्समध्ये कॅल्कच्या फॉर्म्युला पानावर ‘फाइल उघडताना रिकॅल्क्युलेट’ ऑलवेज करून ठेवता येतं. मी केलंय. पण सोसायटीच्या चेअरमनकाकांना मी कंट्रोल-शिफ्ट-एफ-९ कुठून शिकवत बसू, त्यांनी शून्य बघून थेट सेक्रेटरीला झापलं.

अक्षरांचा घोळ थोडक्यात सांगते. गोव्यात एकाच गिऱ्हाईक यादीत तीन प्रकारची नावं असतात, मराठी-कोंकणी देवनागरीत, बाकीची रोमीत, आणि काही पत्त्यांवर पोर्तुगीज खुणा, जसं सां जुझे दि आरियाल या गावाच्या नावातल्या ‘सां’मधल्या रोमी ‘ए’वरची ती नागमोडी रेघ. तुमची सीएसव्ही यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) लिहिलेली असते पण तसं ती कुठे सांगत नाही, मग उघडणारा प्रोग्राम तिला जुन्या विंडोज-१२५२ पद्धतीतली समजतो आणि देवनागरीच्या एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं येतात, कारण यूटीएफ-८ मध्ये आपलं एक अक्षर तीन बाइटचं. यावर उपाय म्हणजे इम्पोर्टच्या खिडकीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडायचा, तिथेच तारखेच्या कॉलमला ‘डेट डीएमवाय’ आणि एचएसएन, बिल नंबर, खाते नंबर या कॉलमना ‘टेक्स्ट’ करून टाकायचं, म्हणजे वरचे निम्मे घोळ दारातच थांबतात. पण जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं असतील तर ती कुठल्याही एन्कोडिंगने सुधारत नाहीत, तिथे कन्व्हर्टरच लागतो, तो राग तुमच्यावर काढत नाही.

आता तुमच्या सपोर्टबद्दल. फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘मॅडम, लिब्रेऑफिसमध्ये प्रॉब्लेम येतो, तुम्ही एक्सेल घ्या’. अहो, तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तरी रकमा टेक्स्टच राहतात, सम तिथेही शून्यच. एचएसएनचं शून्य तिथेही गेलेलंच असतं. म्हणजे आजार फाइलचा आणि तुम्ही चष्मा बदलायला सांगता. आणि ओडीएस ही काही कुणाची घरगुती भानगड नाही, स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थांनी, म्हणजे २००५ मध्ये ओअ‍ॅसिसने आणि २००६ मध्ये आयएसओने मान्य केलेलं स्टँडर्ड आहे, आयएसओ-आयईसी २६३००, आणि एक्सेल स्वतः २००७ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ते वाचतं-लिहितं. केंद्र सरकारचं ई-गव्हर्नन्ससाठी ओपन स्टँडर्डचं धोरण २०१० सालचं आहे. आणखी काय दाखला देऊ?

माझ्या क्लायंटना याची गरज पैसे वाचवायला आहे हे आहेच, छोट्या दुकानदाराला प्रत्येक मशीनवर ऑफिसचं लायसन्स परवडत नाही. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. जीएसटी कायद्यात हिशोब वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. सहा वर्षांत तुमचं सबस्क्रिप्शन चालू असेल की नसेल, तुमचं सॉफ्टवेअर असेल की नसेल, कोणी सांगावं. नोटीस आली तर मला २०२४ चं एप्रिल उघडता यायला हवं, आणि त्यात ५ एप्रिल हा ५ एप्रिलच असायला हवा.

मागच्या अपडेटमध्ये तर तुम्ही कडीच केलीत. एका क्लायंटकडून आलेली डॉट ओडीएस फाइल झिप म्हणून उघडली तर आत ‘एक्सएल’ नावाचं फोल्डर! म्हणजे एक्सएलएसएक्स बनवून फक्त शेपूट बदललं. लिब्रेऑफिस आतला माल बघून उघडतं म्हणून कोणाला पत्ता लागला नाही, पण एक्स्टेन्शन बघून चालणारी माझी छोटी स्क्रिप्ट तिथेच आडवी झाली. तुम्हाला स्वतःला ओडीएस लिहायचं नसेल तर तसं सांगा, सर्व्हरवर लिब्रेऑफिस बसवून खिडकी न उघडता हेडलेस पद्धतीने कन्व्हर्ट करता येतं, फुकट आहे, एका ओळीची कमांड आहे. फक्त त्याआधी मूळ एक्सएलएसएक्समध्ये खान्यांचे प्रकार नीट करा, नाहीतर कन्व्हर्टर तुमच्या चुका इमानदारीने तशाच पुढे नेईल.

मागणं फार नाही. कॉलमचा प्रकार डेटाबेसमध्ये जो आहे तोच फाइलमध्ये लिहा. एचएसएन, बिल नंबर, खाते नंबर, पिन कोड, फोन हे सगळे स्ट्रिंग, त्यांची बेरीज कोणी करत नाही. फॉर्म्युल्यासोबत उत्तर द्या. वरच्या चार ओळींत जोडलेल्या खान्यांत कंपनीचं नाव-पत्ता ठोकता तो वेगळ्या शीटवर टाका, म्हणजे फिल्टर लावताना दर वेळी त्या ओळी उडवाव्या लागणार नाहीत. आणि शेवटच्या ओळीनंतर दहा लाख रिकाम्या ओळी लिहू नका, फॉरमॅटमध्ये ‘ही ओळ एवढ्या वेळा’ असं एकदाच लिहायची सोय आहे, दोनशे बिलांची फाइल उघडताना मशीन गुदमरतं.

टेस्टिंगसाठी एक फाइल मी बनवून ठेवली आहे, नावं आणि नंबर सगळे खोटे: ०८०२ कोडची सुपारी, ५ आणि १३ एप्रिलची दोन बिलं, बिल नंबर ०३/२५, सव्वा लाखाची एक क्रेडिट एंट्री, सोळा आकडी खाते नंबर आणि आरियालचा एक पत्ता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा डेटा भरा, ओडीएस काढा, लोकेल यूएसए ठेवून उघडा आणि कंट्रोल-एफ-८ दाबा. सपोर्टच्या तिकिटाला ती जोडली आहे, तिकीट अजून उघडं आहे, ‘एक्सेल घ्या’ म्हणून परत बंद करू नका.

आपली,
फोंड्याची एक अकाउंट्सवाली